माळ्यावरच्या कॅसेट आणि मुलाचं ॲप

वाचकाचं पत्र थोडक्यात: सोलापूरचे एक वाचक, वय ६३, बँकेतून निवृत्त. घरावरच्या पत्र्याच्या खोलीच्या जागी स्लॅब टाकायचा आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायची आहे. तिथे २१० कॅसेट, ९० च्या आसपास सीडी आणि एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या ३२० जीबीच्या हार्ड डिस्कवर अंदाजे १४ हजार गाणी आहेत आणि हल्ली चालू केल्यावर ती टकटक आवाज करते. कॅसेटपैकी १८ घरी भरलेल्या, ९० मिनिटांच्या आहेत. त्यांत वडिलांच्या भजनी मंडळाचे अभंग आणि कन्नड वचनं आहेत. त्यातल्या एकीवर नुसतं ‘बाळीवेस, श्रावण ८९’ असं लिहिलं आहे (बाळीवेस हा सोलापुरातला भाग). पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘बाबा, सगळं ॲपवर आहे, फॅमिली प्लॅनचे पैसे मी भरतोय, आता तो पसारा काढा.’ पत्नीचंही तेच मत. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने ‘सगळ्या पेनड्राइव्हवर करून देतो’ म्हणून सांगितलंय. वाचक विचारतात: हे जपण्यात अर्थ आहे की हा माझा नुसता हट्ट आहे? जपायचं तर फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) ठेवू की एमपीथ्री (काही आवाज गाळून लहान केलेली)? आणि माझ्यामागे हे ऐकणार कोण?

नमस्कार,

बाकीचं सगळं सावकाश बोलू. आधी एक करा: ती हार्ड डिस्क ‘बघू तरी चालते का’ म्हणून पुन्हा चालू करू नका. टकटक म्हणजे आतल्या हेडला आपली जागा सापडत नाही आणि तो परत परत प्रयत्न करतोय. अशी डिस्क जेवढ्या वेळा सुरू कराल तेवढं तिचं आयुष्य कमी होतं. आधी नवी पोर्टेबल हार्ड डिस्क आणून हाताशी ठेवा. मग जुनी डिस्क कॅबिनेटमधून काढून सॅटा-यूएसबी अडॅप्टरने (डिस्क यूएसबीला जोडणारी वायर) चांगल्या लॅपटॉपला जोडा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. अडॅप्टरसोबत १२ व्होल्टचा वेगळा चार्जर लागतो. तो नसेल तर चांगली डिस्कसुद्धा मेल्यासारखी दिसते, आणि ‘गेली’ म्हणून लोक टाकून देतात.

डिस्क दिसली तर सगळं एकदम ओढू नका. घरची रेकॉर्डिंग, फोटो, कागदपत्रं जे काही तुमचं स्वतःचं असेल ते फोल्डर पहिले. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. चेकडिस्क, डीफ्रॅग, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन यातलं काहीही अशा डिस्कवर चालवू नका, कारण दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कला मरेस्तोवर पळवण्याचा तो प्रकार होतो. आणि डिस्क दिसलीच नाही, तर ‘उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका. धुळीपासून बंदिस्त जागेशिवाय डिस्क उघडली की विषय संपला. डेटा रिकव्हरीच्या लॅबचा खर्च मोठा असतो. तो तुमच्या घरच्या रेकॉर्डिंगसाठी करावा, सिनेमाच्या गाण्यांसाठी करू नये.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. तुमच्या घरात वाद चाललाय तो ‘सगळं ठेवायचं’ आणि ‘सगळं काढायचं’ या दोन टोकांमध्ये. मला वाटतं, दोन्हीकडे एकच गृहीतक आहे: हा सगळा संग्रह म्हणजे एकच वस्तू आहे. तसं नाही. त्यात तीन अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकाच खोलीत शेजारी शेजारी पडून आहेत.

१४ हजारांतली बहुतेक गाणी कुठेही मिळतात आणि तुमच्या डिस्कवर आहेत त्यापेक्षा बऱ्या आवाजात मिळतात. त्यांच्याबाबत मुलाचं म्हणणं बरोबर आहे, ते मोकळेपणाने मान्य करा. दुसरा गट विकत घेतलेल्या कॅसेट-सीडींचा: ॲपवर त्यातलं काही आहे, काही नाही, आणि काही त्याच नावाने आहे पण गायक दुसरा. मराठी भक्तिगीतांत आणि लोकगीतांत हे फार होतं. नाव तेच, मुखपृष्ठावर तोच विठोबा, आणि गाणं मात्र नव्याने गाऊन भरलेलं. तिसरा गट म्हणजे त्या १८ कॅसेट. त्या ॲपवर नाहीत, कधी येणारही नाहीत. तुमची मेहनत, पैसा आणि दिवाळीपर्यंतचा वेळ आधी तिथे जायला हवा. तुम्ही पत्रात मात्र १४ हजारांवर दोन परिच्छेद लिहिलेत आणि या १८ वर दोन ओळी.

मुलालाही एक गोष्ट समजावून सांगण्यासारखी आहे. ॲपवर असणं ही आजची स्थिती आहे, कायमची हमी नाही. गाना हे गाण्यांचं ॲप २०२२ मध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उरलं. मार्च २०२३ मध्ये करार न जुळल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विंक म्युझिक बंद करत असल्याची घोषणा झाली. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं. ते त्याच ॲपमध्ये वाजतं, आणि पैसे भरणं थांबलं की वाजायचं थांबतं. म्हणून ॲप सोडा असं मी म्हणणार नाही, नवीन ऐकायला त्यासारखी सोय नाही. पण जी दीडदोनशे गाणी तुम्हाला आयुष्यभर लागणार आहेत, त्यांची मूळ सीडी असेल तर ती तुमच्या डिस्कवर उतरवून ठेवा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्रॅम ते काम चोख करतो, कारण ओरखडा लागून वाचता न आलेली जागा तो लपवत नाही, दाखवतो.

आता कॅसेटकडे. १८ कॅसेट, प्रत्येकी दीड तास, म्हणजे नुसतं वाजवायलाच २७ तास. कॅसेट वाजेल त्याच वेगाने उतरते, घाई चालत नाही. दर रविवारी दोन धरल्या तर नऊ आठवडे. ‘सगळ्या २१०’ म्हटलं की जे अशक्य वाटतं ते असं आवाक्यात येतं.

पहिलं काम, आजच करा: या १८ कॅसेटच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे छोटे चौकोनी तुकडे असतात, ते स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. ते मोडले की टेपवर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही. नंतर प्रत्येक कॅसेट हातात घेऊन खिडकीपाशी बघा. फितीच्या मागे, मधोमध, फोमच्या तुकड्यावर किंवा पत्र्याच्या पट्टीवर एक लहान नमद्याची गादी असते. ती फितीला हेडवर दाबून धरते. पत्र्याखाली उन्हाळ्यात चाळिशीपार तापून तिचा गोंद सुटतो, गादी गळून पडते, आणि मग आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो. माणसं समजतात फीत खराब झाली. फीत ठीक असते. पाच स्क्रूंची चांगली रिकामी कॅसेट घ्या, दोन्ही उघडा, आणि दोन्ही चकत्या फितीसकट तिच्यात उचलून ठेवा. फितीवर बोटं लावू नका. मूळ कॅसेटला स्क्रू नसतील तर ती चिकटवलेली असते, ती जाणकाराकडूनच उघडून घ्या. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, बुरशी टेपच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही शक्यता कमी, पण पत्रा गळत असेल तर बघून घ्याच.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एका जागी बसलेली फीत मोकळी होते आणि अडकायची भीती कमी होते. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडीवर तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. फीत ओढणारा काळा रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्यात किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसून कोरडा करा.

टेपचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी वायर) लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ते भोक माइकसाठी असतं, बहुतेक लॅपटॉपवर मोनो असतं, आणि लाइनचा जोरदार सिग्नल तिथे फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत जोराचा टाळांचा गजर मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही कमाल मर्यादा). टाळ हेच भजनाचं खरं संकट. अभंग सुरू होताना पातळी बरोबर वाटते आणि द्रुत लय आली की टाळ शून्याला धडकतात. फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही, कमी भरलेला वाढवता येतो. म्हणून पातळी अभंगाच्या शेवटाकडे बघून ठरवा. मागे सतत ‘हूं’ ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याच वेळा तेवढ्याने जातं.

वेगाकडे लक्ष द्या. त्या काळी घरगुती टेप सेलवर चालायचे. सेल उतरले की फीत हळू फिरायची, आणि हळू भरलेलं आज योग्य वेगाने वाजवलं की आवाज बारीक आणि घाईचा येतो. वडिलांचा आवाज ‘असा नव्हता’ असं वाटलं तर तुमचा कान बरोबर आहे. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घेऊन पेटीचा सा तपासा. तो दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये येत असेल तर वेग साधारण ३ टक्क्यांनी चुकलाय, पूर्ण एक पट्टी वर असेल तर ६ टक्क्यांनी. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ने तो जागेवर आणता येतो. जुनी पेटीही थोडी उतरलेली असू शकते, म्हणून शेवटचा निर्णय ओळखीच्या आवाजावर करा. एकाच बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी सा वेगळा येत असेल, तर आधी तुमच्याच टेपचा बेल्ट बदलून बघा.

खरखर काढण्याचा मोह पहिल्या प्रतीवर आवरा. जशी उतरली तशी ती फ्लॅकमध्ये ठेवा. तासाला पाऊण जीबी धरा, म्हणजे सगळ्या मिळून २० जीबी. साफसफाई तिच्या नकलेवर. नॉइज रिडक्शन जास्त झालं की टाळांचा झणकार पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि मूळ प्रत ठेवली नसेल तर परतीची वाट नाही.

दुकानदाराकडे द्यायचं असेल तर द्या, त्यात कमीपणा नाही. पण आधी एकच कॅसेट द्या आणि विचारून घ्या: दोन्ही बाजू पूर्ण भरणार का, आवाजावर काही प्रक्रिया करणार का (नको म्हणा), फ्लॅक किंवा वेव्ह (तीही काही न गाळणारी फाइल) देणार का, मूळ कॅसेट परत देणार का. ‘एमपीथ्रीच देतो, १२८ वर’ (म्हणजे १२८ केबीपीएस, बराच आवाज गाळलेली) असं उत्तर आलं तर या १८ साठी नको. विकत घेतलेल्या कॅसेटमधल्या निवडक दहा-पंधरा त्याच्याकडून करून घ्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ‘बाळीवेस, श्रावण ८९’. एवढ्या लेबलवर मुलगा काय समजणार? कोण गातंय, मागून कोण धरतंय, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, मधेच हसून बोलणारे गृहस्थ कोण, वचन कुणाचं, घर कुणाचं? हे आज फक्त तुम्हाला आणि मंडळातल्या हयात असलेल्या मोजक्या लोकांना ठाऊक आहे. कॅसेट आणखी दहा वर्षंही कदाचित तग धरेल. ही माहिती धरेलच असं नाही. त्यामुळे क्रम उलटा करा: उतरवणं होत राहील, पण ऐकून नावं लिहिणं आधी सुरू करा. मंडळातल्या एखाद्या काकांना घरी बोलवा, कॅसेट लावा, शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि त्यांना बोलू द्या. कन्नड वचनांचे शब्द त्यांच्याकडूनच नीट लिहून घ्या. मराठी कानाला कन्नड शब्द तुटतात, नंतर शोधूनही सापडत नाहीत.

ही माहिती फाइलच्या आतच, ‘टॅग’ म्हणतात त्या रकान्यांत भरा, म्हणजे फाइल कुठेही गेली तरी सोबत जाईल. एमपीथ्री-टॅग हा मोफत प्रोग्रॅम फ्लॅकलाही चालतो. शीर्षकात अभंगाची पहिली ओळ, कलाकारात मुख्य गाणारा, अल्बममध्ये ‘भजनी मंडळ, बाळीवेस, श्रावण १९८९’, ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळीकडे मंडळाचं एकच नाव (नाहीतर गाणारा बदलला की प्लेअर एकाच बैठकीचे दहा अल्बम करून दाखवतो), संगीतकाराच्या जागी रचनाकार संत, आणि ‘कॉमेंट’मध्ये साथीदार आणि बाकी सगळं. टॅग देवनागरीत, युनिकोडमध्ये लिहा. जुन्या मराठी फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या यंत्रावर अक्षरांचा कचरा दिसतं. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत आणि आकड्यांत: आधी वर्ष-महिना, मग ठिकाण, मग क्रमांक. गाड्यांमधले बरेच प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. नावांचं लेखन पहिल्या दिवशी ठरवा आणि तेच पाळा. एकच गायक तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी विखुरणं हा प्रत्येक जुन्या संग्रहाचा रोग आहे.

फ्लॅक की एमपीथ्री? दोन्ही, वेगवेगळ्या कामांना. कॅसेटवरून आणि मूळ सीडीवरून उतरवलेलं फ्लॅकमध्ये. मोबाइलसाठी आणि गाडीसाठी त्याचीच एमपीथ्री नक्कल. तुमच्याकडच्या जुन्या एमपीथ्री फ्लॅक करू नका, फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. ‘३२० केबीपीएस’ लिहिलेल्या फाइलवरही लगेच विश्वास ठेवू नका. आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र दाखवणाऱ्या स्पेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखं सगळं काळं दिसलं तर ती १२८ वरून फुगवलेली असण्याची दाट शक्यता. रेकॉर्डिंग १९५०-६० च्या दशकातलं असेल तर मात्र मुळातच वर फारसं काही नसतं, तिथे ही कसोटी लावू नका.

रस्त्यावर घेतलेल्या ‘एका सीडीत १५० गाणी’ छापाच्या सीडी निर्धास्तपणे काढून टाका. त्या बहुतेक चोरीच्या, आवाजही सुमार, आणि त्यातलं जवळपास सगळं मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये आहे. विकत घेतलेल्या सीडीची स्वतःपुरती नक्कल ठेवणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी न्याय्य वापराची सूट आहे. त्या फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर वाटणं किंवा यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही. मंडळाची रेकॉर्डिंग तुमच्या घरची असली तरी सार्वजनिक करण्याआधी गाणाऱ्यांच्या घरच्यांना विचारा.

ठेवायचं कुठे? तीन प्रती: एक लॅपटॉपवर किंवा नव्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी सोलापूरबाहेर. ही तिसरी मुलाकडे पुण्यात द्या. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवू नका. तो वापरात न राहता वर्षानुवर्षं पडून राहिला तर आतला डेटा जाऊ शकतो. शिवाय बाजारात खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह असतात: ५१२ जीबी लिहिलेलं, आत ३२. वर दिसायला सगळ्या फाइल कॉपी झालेल्या, उघडताना रिकाम्या. नवा पेनड्राइव्ह किंवा कार्ड एचटू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रॅमने तपासल्याशिवाय वापरू नका. दोन्ही डिस्क वर्षातून एकदा जोडा, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या दहा फाइल शेवटापर्यंत वाजवून बघा आणि क्रिस्टल-डिस्क-इन्फोत डिस्कची प्रकृती पाहा. पिवळा ‘कॉशन’ दिसला की त्याच आठवड्यात नवी डिस्क.

माझ्यामागे कोण ऐकणार, असं तुम्ही विचारलंत. १४ हजार गाणी कुणीच ऐकणार नाही, तुम्हीसुद्धा ऐकत नसाल. पण दीड तासाची एक सलग फाइल उघडून आजोबांचा अभंग कुठे आहे ते मुलगाही शोधणार नाही. म्हणून प्रत्येक अभंग वेगळा कापा, नाव द्या, आणि त्याच्या मोबाइलमध्ये पाच-सहाच घाला. म्युझिकोलेट किंवा व्हीएलसी, दोन्ही मोफत आणि इंटरनेटशिवाय चालतात. त्याला आवडेल की नाही हे त्याच्यावर सोडा. मंडळातल्या इतरांची मुलंनातवंडंही आहेत, आपल्या माणसाचा आवाज त्या कॅसेटमध्ये आहे हे त्यांना कदाचित माहीतच नसेल. त्यांना त्यांच्या-त्यांच्या माणसाच्या फाइल द्या. तीही एक जास्तीची प्रत झाली.

आणि खोली रिकामी करताना: १८ मूळ कॅसेट उतरवून झाल्या तरी टाकू नका. आतल्या भिंतीच्या कपाटात, स्पीकरपासून लांब, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. बुटांच्या दोन खोक्यांत मावतील, तेवढी जागा तुमच्या सौ. नक्की देतील. विकतच्या कॅसेटमधल्या ज्या ॲपवर त्याच गायकाच्या आवाजात सापडतात त्या कुणाला हव्या असतील तर देऊन टाका. हा शोध मुलाला करायला सांगा. ॲप त्याचं आहे, आणि कुठलं गाणं तिथे नाही हे त्याला स्वतःला दिसू दे.